विनोदाच्या कपाटातली माणसं

कोकमाचे रातांबे फोडायच्या दिवसांत आमच्या पडवीला एक आंबूस, गोडसर, किंचित मादक गंध येतो. तो भिंतींत मुरतो, साडीच्या पदरात शिरतो आणि कितीही जपलं तरी हातातल्या पुस्तकात उतरतो. वाचनालयातल्या पुस्तकांना मुळात स्वतःचा एक वास असतोच: कसरीने पोखरलेल्या कागदाचा, सुकलेल्या डिंकाचा, पावसाळ्यात ओल धरलेल्या कपाटाचा. हे दोन वास एकत्र आले, की मला अजूनही वाटतं, समोरून कोणीतरी म्हणणार, "थांबलंस कित्याक गो? वाच मगे!" कोणी म्हणत नाही. यंदा रातांबे मी एकटीने फोडले आणि पुस्तकं मनातल्या मनात वाचली. मनात वाचण्याइतकी एकलकोंडी गोष्ट दुसरी नसेल, हे ज्याला मोठ्याने वाचून दाखवायची चटक लागली आहे त्यालाच कळेल.

मी वाचणारी बाई आहे. आमच्या गावात हे वाक्य, एखादीला अर्धशिशी आहे असं सांगावं त्या सुरात सांगितलं जातं. कुडाळच्या बँकेत नोकरी केली तेव्हा जाता-येता एसटीत वाचलं, निवृत्त झाल्यावर पडवीत वाचू लागले, एवढाच काय तो फरक. आमचे हे सकाळपासून कलमांच्या बागेत असतात. आंब्याच्या मोहोराखेरीज दुसरं काही वाचण्याजोगं जगात आहे असं त्यांना वाटत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माणसाने काय वाचावं हे ज्याचं त्याने ठरवावं.

सध्या उशाशी चार पुस्तकं आहेत. एक पुण्यातल्या घराण्याची तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी. तिच्यातल्या माणसांची दुःखंसुद्धा इतकी सुस्थितीतली आहेत, की ती वाचताना आपण चपला बाहेर काढून आलो आहोत ना, हे बघावंसं वाटतं. दुसरं बर्फाच्या देशातलं प्रवासवर्णन. ते मी ऐन उकाड्यात, घामाने चष्मा घसरत असताना, रोज थोडं थोडं पुरवून वाचते. तिसरा किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांचा इतिहास. त्यात आमच्या खाडीला दीड ओळ आली आहे आणि तीही चुकीच्या नावाने! चौथा एक कथासंग्रह, अर्ध्यावर मिटून ठेवलेला. तो पुरा करण्याची उमेद नाही आणि परत करण्याचा धीर होत नाही. याखेरीज वाचनालयातलं एकेक कपाट क्रमाने संपवायचं, असा एक उद्योग मी घेऊन बसले होते. तो उद्योग का सुरू झाला आणि त्याचं काय झालं, हे आज तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

त्यासाठी वैनी कोण ते सांगायला हवं. वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. घरं वेगळी, पण अंगण एकच. चौथीपर्यंत शिकलेली, आणि त्या चौथीचा अभिमान शेवटपर्यंत बाळगणारी. पुढे साखरेच्या आजाराने तिची नजर धूसर झाली, अक्षरं एकमेकांत मिसळू लागली, आणि मग रोज दुपारी जेवणं आटोपल्यावर मी वाचायचं आणि तिने ऐकायचं, असा परिपाठ पडला. हात मोकळे ठेवून ऐकणं तिला पसंत नव्हतं. हंगाम असेल त्याप्रमाणे ती रातांबे फोडी, चिंचेतले चिंचोके काढून ठेवी, काही नसलं तर उगीच तांदूळ चाळत बसे. पण कान असे, की एखादा परिच्छेद मी गाळला तर लगेच विचारणार, मघाशी ती बाई तापाने निजली होती ती उठली कधी? किती मोठमोठे समीक्षक मी वाचले. पण लेखकाची लबाडी वैनीइतक्या चटकन पकडणारा त्यांत कोणी भेटला नाही.

आणि मग कधीतरी त्या पुस्तकांतून आमचा माणूस येई. आमचा म्हणजे मालवणी बोलणारा. कुठे मुंबईच्या घरातला गडी, कुठे खानावळीतला आचारी, कुठे भांडकुदळ मासेवाली, कुठे इमारतीच्या दारात पेंगणारा पहारेकरी. तो तोंड उघडी आणि वैनी एकदम सावरून बसे. "आमचो इलो बघ!" असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद फुले तो मी कसा सांगू? गर्दीच्या परक्या गावात अवचित शेजारीण दिसावी तसा तो आनंद असे. मग तो आमचा काहीतरी बोले, पडे, धडपडे, मालकाचा निरोप उलटा पोचवी, आणि आम्ही दोघी पोट धरून हसत असू. पहिली काही वर्षं हे असंच चाललं.

एका दुपारी मात्र ती हसली नाही. हातातला रातांबा तसाच धरून बसली आणि म्हणाली, "गो शुभा, आमची माणसा पुस्तकात कधी रडणत नाय काय? नुसती हसवतत?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. तिला ते पटलं नाही. मग तिने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तिचा भाऊ डोंबिवलीत वारला तेव्हा ती रातोरात गाडीने तिकडे गेली होती. दारात पाय ठेवताच, आपल्याकडे रडतात तशी, भावाचे गुण गात, त्याला हाका मारत, गळा काढून रडली. शेजारच्या बिऱ्हाडांतली तरणी पोरं जिन्यात जमली होती. "मी भावासाठी रडत होतंय," वैनी म्हणाली, "आणि ती पोरा दारात उभी रवान हसत होती." पोरं वाईट नव्हती म्हणे. त्यांनीच नंतर चहा आणून दिला. त्यांना फक्त ती बोली ऐकून हसू आलं होतं, कारण ती बोली त्यांनी आजवर हसण्यासाठीच ऐकली होती.

"माका एक पान शोधून काढ," तिने मला सांगितलं. "आमच्यातला कोणतरी आपल्या भाषेत रडता, आणि आयकणारो हसणा नाय. असा एकच पान."

मागितलं ते एवढंच. लोक सुनेकडे दागिने मागतात, देवाकडे मुलगे मागतात. माझ्या जावेने माझ्याकडे एक पान मागितलं. मला वाटलं, हे काय अवघड आहे! एवढं अफाट वाङ्मय, एवढे थोर थोर लेखक, आणि त्यांतले कितीतरी तर याच तांबड्या मातीतून उठून गेलेले. दुसऱ्याच दिवशी मी मालवणची गाडी धरली.

तिथल्या वाचनालयात बसणारे गृहस्थ सज्जन आहेत. पंखा माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, काय पाहिजे? मी सांगितलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मालवणी होया? मगे त्या विनोदाच्या कपाटात बघा." आणि खरंच, त्या कपाटात आम्ही होतो, ओळीने, दाटीवाटीने. कविता तिथे, कथा तिथे, नाटकं तर सगळीच तिथे. एका जाड कथासंग्रहात माणसं उपासमारीने गाव सोडून जात होती. तोही तिथेच, कारण ती जाताना मालवणीत बोलत होती! मी विचारलं, हा इथे कसा? गृहस्थ निरागसपणे म्हणाले, वाचणारे तिथेच शोधतात.

तेव्हापासून मी कपाटं उपसायला घेतली. विनोदाचं संपवलं, मग सामाजिकचं, मग कौटुंबिक, मग ज्यांना कोणतंच नाव देता आलं नाही अशा पुस्तकांचं. काय सापडलं सांगू? आम्ही कंजूष असतो. आम्ही भुतांना भितो. आम्ही कज्जे करतो, फणसावरून, बांधावरून, काहीच नसलं तर शेजाऱ्याच्या कोंबडीवरून. आमच्या तोंडात शिव्या असतात, पण मनाने आम्ही निर्मळ असतो, फणसासारखे. या फणसाचा मला आता इतका वीट आला आहे, की तो शब्द दिसला की मी पान उलटते. प्रेम करायचं झालं तर ते मुंबईहून आलेली मुलगी करते. विचार करायचा झाला तर तो मास्तर करतो, आणि तो घाटावरून बदलून आलेला असतो. आम्ही बाजूला उभे राहून गंमत करतो. एका अख्ख्या मुलुखाला असं गमतीचं मानधन देऊन बसवून ठेवावं, यापरता अपमान कोणता?

पण लेखकांना तरी दोष कसा देऊ? आपल्या देवळासमोर दशावतार रंगतो तेव्हा राजा शुद्ध बोलतो, राणी शुद्ध बोलते, रानात जाताना तिचा विलापही कसा अलंकारांनी मढवलेला असतो. मालवणी बोलतो तो हसवणारा. तो पडद्याआडून नुसता खाकरला तरी मांडीवरची पोरं खिदळू लागतात. म्हणजे दुःख परभाषेत करायचं ही शिकवण आम्हाला पाळण्यापासूनची! एक गाऱ्हाणं तेवढं उरलं होतं. देवासमोर नारळ ठेवून साऱ्या गावाचं भय, आजार, पिकावरची अळी, इडापीडा आपल्या बोलीत त्याच्यापुढे मांडायची आणि मागे उभ्या असलेल्यांनी गंभीरपणे होकार भरायचा. तिथे कोणी हसत नसे. आता लग्नाच्या मांडवात तेच गाऱ्हाणं गंमत म्हणून घालतात, त्याच्या रील्स निघतात, आणि आमच्याच आयाबाया त्या एकमेकींना पाठवतात. किनाऱ्यावरच्या होमस्टेच्या पाट्यांवर मालवणी, पर्यटकांच्या टी-शर्टांवर मालवणी. भाषा वाढते आहे असं लोक म्हणतात. मला तर ती बोहल्यावर नाचवायला उभ्या केलेल्या म्हातारीसारखी दिसते.

आणि अखेर एका कादंबरीत मला ते पान सापडलं, असं वाटलं. शहरातल्या एका सुखवस्तू घरात राबणारी स्वयंपाकीण आमच्याकडची होती. नेहमीप्रमाणे ती अर्धी कादंबरी हसवत होती. पाहुण्यांना नको ते विचारत होती, टेलिफोनला घाबरत होती. मग एका सकाळी गावाकडून कळलं, की तिचा मुलगा समुद्रात बुडाला. मी पान उलटलं. चुलीपाशी बसून ती बाई म्हणत होती: "माझं बाळ मला सोडून गेलं. आता मी कुणाच्या तोंडाकडे पाहून जगू?"

शुद्ध! लख्ख शुद्ध! अर्धी कादंबरी जी बाई एक वाक्य धड बोलली नाही, तिला मुलगा मरताक्षणी व्याकरण आलं! लेखकाला आपण लबाडी केली हेही कळलं नसेल. त्याने ते मायेनेच केलं असणार. तिच्या दुःखाला कोणी हसू नये म्हणून त्याने घाईघाईने तिला आपल्या घरातलं स्वच्छ लुगडं नेसवलं. मला त्या बाईचा इतका कळवळा आला आणि त्या लेखकाचा इतका संताप, की रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ठरवलं, तिचं तिला परत करायचं.

दुपारी वैनीसमोर मी ती कादंबरी उघडली. पान सापडलं असं तिला सांगितलं, त्यामागची गोष्ट सांगितली नाही. ती हात पुसून, भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी तिने चाळण घेतली नाही. मी वाचत वाचत त्या चुलीपाशी आले आणि छापील ओळ सोडून, आमच्या आया-आज्यांनी जसं म्हटलं असतं तसं म्हटलं: "माझो झील माका सोडून गेलो गो! आता मी कोणाच्या तोंडाकडे बघून जगू?" मी वर पाहिलं.

वैनीचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

तिने तोंडावर पदर दाबला, हसू आवरायला पाहिलं, आणि आवरता आवरता ते आणखीच फुटलं. डोळ्यांतून पाणी आलं. "रागाव नको गो," ती कशीबशी म्हणाली. "माका वाटला, आता खंयसून तरी तो दारूडो येतलो आणि धडपडतलो." मग हसू ओसरलं. ती समोरच्या माडांकडे बघत राहिली. तिला आता माड दिसत नव्हते, नुसती हिरवी सावली दिसे. "पुस्तकात होता तसाच बरा होता," मी ओळ बदलली हे ओळखून ती हळूच म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्या दुपारनंतर तिने पुन्हा कधी ते पान मागितलं नाही. मीही तो विषय काढला नाही. वाचन चालू राहिलं. चोर-पोलिसांचं, राजे-महाराजांचं, परदेशचं. आमचा कोणी आला की मी त्याला गाळून पुढे जाई. वैनीच्या ते ध्यानात येत असणारच. तिच्या कानांतून काही सुटत नसे. पण मधली माणसं कुठे गेली, हे तिने एकदाही विचारलं नाही.

मग तिची मूत्रपिंडं बिघडली आणि आमच्या कुडाळच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यात वैनी शुद्ध बोले. आपल्याकडे सगळेच बोलतात. कचेरीची पायरी चढताना चपला झटकाव्यात तशी बोली झटकतो आपण. एसटीतच तिचे ओठ हलू लागत. डॉक्टरांना काय सांगायचं त्याची ती तयारी करत असे. "डॉक्टर, मला अन्न गोड लागत नाही आहे," असं तिचं ते सावध, जोखून टाकलेलं वाक्य ऐकलं, की मी खिडकीबाहेर बघू लागे. दुखणं सांगायला आलेल्या बाईने आधी भाषेची परीक्षा द्यायची! तिचा मुलगा उमेश पुण्याहून येई. त्याच्याशीही ती शुद्धच बोलायला बघे, कारण त्याची मुलं आजीच्या बोलण्याला हसत. प्रेमाने हसत, हे खरं. आम्हाला सगळे प्रेमानेच हसतात.

शेवटी तिला तिथे ठेवून घ्यावं लागलं. एक दुपार आठवते. उमेश औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत आम्ही दोघीच होतो. रिकाम्या हातांनी बसणं मलाही जमेना, म्हणून मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि खूण घातलेलं पान उघडलं. वैनीने चाचपत हात पुढे केला आणि पुस्तकावर ठेवला. वाचू नको, असा त्याचा अर्थ होता. तिचे ओठ हलत होते. एसटीत हलायचे तसेच. मी ओळखलं, ती वाक्य जुळवते आहे. पण खोलीत डॉक्टर नव्हते, नर्स नव्हती, उमेशही नव्हता. होते ती मी. इतकी वर्षं एका अंगणात जिच्याबरोबर भांडली, जेवली, हसली ती मी.

"शुभा," ती म्हणाली, "मला फार भीती वाटते आहे."

एकही चूक नव्हती. उच्चार जागच्या जागी, शेवटचं 'आहे'सुद्धा पुरतं म्हटलेलं. जन्मात तिने माझ्याशी उच्चारलेलं ते पहिलं शुद्ध वाक्य, आणि त्यात हसण्यासारखं काही राहू नये म्हणून तिने केवढी काळजी घेतली होती! आपल्या माणसाजवळसुद्धा तिला आता खात्री उरली नव्हती. की खात्री होती, मी हसेन याची? मी कपाटांमागून कपाटं उपसली, लेखकांवर दात-ओठ खाल्ले, आणि इकडे ही बाई एकटीच, धूसर डोळ्यांनी, मरणाला सांगण्याचं वाक्य घासूनपुसून तयार करत होती.

मी पुस्तक खाली ठेवलं. तिचा हात दोन्ही हातांत धरला. तो थंड होता. तोंडून जे आलं ते आमच्या पडवीतून आलं.

"वैनी, माका पण भय वाटता गो," मी म्हटलं. "तू गेलंस तर मी कोणाक वाचून दाखवू?"

मी रडायला लागले, आपल्याकडे रडतात तशी. वैनीने मान वळवून माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, पण उपयोग झाला नाही. तिला हसू आलं.